पुसलेला कोड

प्रिय ताई,

फोनवर तू आधी विचारतेस जेवलास का, मग विचारतेस झोप लागते का, आणि माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नकोस.

मंगळवारी गॅरेजवर शेजारच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई आल्या. त्यांच्या गाडीत ब्रेकचा पिवळा दिवा लागला होता. मी स्टिअरिंगखाली बिघाड वाचायचं मशीन जोडलं. त्यावर बिघाडाचा कोड आला, उजव्या पुढच्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर. सेन्सर बदलला, कोड पुसला, दिवा गेला. बाई खूश. म्हणाल्या, "एवढ्यात झालं? मग आईला घेऊन आजच निघते." आणि घाटाच्या रस्त्याने निघाल्यासुद्धा.

दुपारी डबा खाताना काढलेला सेन्सर सहज मीटर लावून बघितला. ठणठणीत होता. ताई, घास तोंडातच राहिला. कुठे दुखतंय एवढंच कोड सांगतो, का दुखतंय ते आपण शोधायचं असतं. सेन्सर चांगला, तरी चाकाची खबर चुकीची, म्हणजे चाकच डुगडुगत असणार. चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग गेलेलं असणार. आणि मी शहाण्याने गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने हलवूनही पाहिलं नव्हतं.

बाईंचा फोन लागेना. मोटरसायकल काढली. वीस वर्षं हात काळे केले, पण इतका घाबरलो नव्हतो. प्रत्येक वळणावर आधी दरीत बघायचो, मग रस्त्यावर. त्यांची गाडी लाल. एकदा खाली लाल काहीतरी दिसलं आणि मोटरसायकल थांबवून कठड्यावरून वाकून बघितलं. कुणीतरी वाळत घातलेली चादर होती ती.

चढ संपतो तिथल्या पेट्रोल पंपावर गाडी उभी दिसली. बाईंच्या आईंना ऐकू कमी येतं, पण पायाखाली काहीतरी गुरगुरतंय म्हणून त्यांनी लेकीला गाडी थांबवायला लावली होती. पुढे सगळा उतार. चाक वर घेऊन धरलं, तर लहान मुलाच्या दुधाच्या दातासारखं हललं. बाई म्हणाल्या, "देवासारखे धावून आलात हो!" आईंनी पाणी दिलं. गाडी टोचन करून आणली, बेअरिंग बदललं, बाईंना माझी चूक सांगून माफी मागितली. त्या रागावल्या, मग निवळल्या. तिथे ते मिटलं.

माझं मिटत नाही. भाऊजी कसे आहेत? अजून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही काठी टेकत चालतच जातात का? मागच्या खेपेला धाकटीने गाडी शिकायचं नाव काढलं, तर ते ताटावरून उठले. तू मला डोळ्यांनीच गप्प केलंस. नंतर ओट्याशी हळूच म्हणालीस, "त्यांना वाटतं, गाडी चालवताना आपल्याला डुलकी लागली म्हणून झालं सगळं." मी तुझ्याकडे पाठ करून भांडी पुसत राहिलो.

ताई, अपघाताच्या आठ दिवस आधी भाऊजी माझ्याकडे आले होते. हाच दिवा होता. ते घाईत होते, मीही. मी कोड पुसला आणि म्हणालो, "परत लागला तर बघू." पुलावर गाडी कठड्याला धडकली त्या क्षणाचं त्यांना काही आठवत नाही; सगळे डुलकी म्हणाले, त्यांनी मानलं. पण गाडी आणायला मी गेलो होतो. उजवं पुढचं चाक मी हाताने हलवून पाहिलं, तेही असंच डुगडुगलं. धडकेनेही तसं झालं असेल, असं तीन वर्षं मनाला समजावतोय. ती गाडी मी घाईघाईने भंगारात काढायला लावली, ती तुम्हाला बघवणार नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या कुणी ते चाक बघू नये म्हणून.

रविवारी येतोय. भाऊजींसमोर बसून हे स्वतः सांगणार आहे. त्यांच्याआधी तुला कळावं म्हणून हे पत्र. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. नाही उघडलंस तरी मी पायरीवर बसून राहीन, कारण त्यांना डुलकी लागली नसावी, हे त्यांच्या कानावर पडायलाच हवं.

तुझाच,
भित्रा धाकटा