दोरीवरचा जावई

सोमवार, ३

पुन्हा तेच! उद्याच्या मोबाइल टॉवरवर दोनच माणसं – वर जावई, खाली ड्रायव्हर. झाली म्हणे टोळी! वरचा घसरला तर सुरक्षेचा पट्टा त्याला धरेल, मान्य. पण मग तो तिथेच लटकत राहणार. पट्टा मांड्यांत रुततो, रक्त पायांत साचतं आणि माणूस जमिनीवर न पडताच जातो. त्याला खाली कोण आणणार? ड्रायव्हर? सगळे पैलवान म्हणतात त्याला, आणि हा स्टुलावर चढून दिवा बदलत नाही.

दिराला तसं स्पष्ट विचारलं. कंपनी त्याची, पण सुरक्षेची जबाबदारी माझी. म्हणाला, “वहिनी, इतक्या वर्षांत कोणी पडलंय का?”

जणू पडल्यावरच विचारायचं असतं! कामाच्या परवान्यावर सही केली नाही. काम अडलं.

मंगळवार, ४

जावई घरी येऊन बसला. तोंड फुगलेलं. लेक मधल्यामध्ये. चढणाऱ्यांत तो सगळ्यांत चांगला, आणि तेच डोक्यात गेलंय. म्हणे, मी पडत नसतो. पडत नसतो! जमीन काय याच्या ओळखीची आहे?

चहाला हात लावला नाही. मीही आग्रह केला नाही.

गुरुवार, ६

आवारातल्या खांबावर सराव लावला. पडलेला माणूस म्हणून कोणीतरी लटकायला हवं होतं. मी जावयाचं नाव घेतलं. दुसऱ्या कोणाचं घेतलं असतं तर दिराने हसण्यावारी नेलं असतं.

सुटकेचा दोर आधीच ओवून माझ्या हाताशी ठेवला होता. मग पैलवानाला म्हटलं, आण त्याला खाली. तो शिडीवर चार पायऱ्या चढला आणि डोळे मिटून तिथेच चिकटला. सगळी माणसं फिदीफिदी हसत होती. मागून कोणीतरी म्हणालं, “सासूबाईंनी जावई वाळत घातला!”

आधी जावईही हसला. मग म्हणाला, पाय बधिर झालेत. मग काहीच बोलेना. चेहरा पांढरा पडायला लागला तेव्हा मी दोर सोडत त्याला उतरवलं. पोत्यासारखा आला खाली. हसणं कधीच थांबलं होतं. दीर माझ्याकडे बघेना.

लागू दे मनाला. लागायलाच हवं होतं!

शुक्रवार, ७

जिंकले! दिराने कबूल केलं – यापुढे प्रत्येक टॉवरवर दोन चढणारे, आणि सराव दर महिन्याला. एवढ्यासाठी माणूस टांगावा लागला यांना! सरळ सांगून कळत नाही.

जावई कामावर आला नाही. अंग दुखत असेल.

सोमवार, १०

लेकीचा फोन. जावयाने आपल्याकडचं काम सोडलं. आजपासून दुसऱ्या कंत्राटदाराकडे. तिथे बरोबर कोण असतं, विचारलं. ती म्हणाली, “एकटेच चढतात, आई. म्हणाले, तिथे निदान कोणी टांगत तरी नाही.”