शिकारीच्या सुरीची शहानिशा

४ मार्च, सकाळी ७
आजोबांची शिकारीची सुरी आजपासून माझी. मृत्युपत्रात नाव माझं एकटीचं. हरणाच्या शिंगाची मूठ, मुठीखाली आडवी पितळी पट्टी, कातडी म्यान. विश्रामगृहात उतरलेल्या एका परदेशी पाहुण्याने आजोबांना स्वतःच्या हाताने दिलेली. आजोबा तिथे चाळीस वर्षं मॅनेजर. शाळेत जाण्याआधी मला अक्षरं त्यांनीच शिकवली. गिरवायला दिलेलं पहिलं वाक्य: मी खोटं बोलणार नाही.
संकल्प: आठ दिवसांत सुरीची ओळख पटवणे. लेखी.

५ मार्च
आत्या आली. म्हणाली, पाहुण्याने दिली की पाहुणा विसरला, ते तुझ्या आजोबांनाच ठाऊक. आई हसली. मी हसले नाही. पुराव्यासह आत्याचं तोंड बंद करणार. नम्रपणे.

७ मार्च
जुन्या हत्यारांच्या एका संग्राहकांकडे सुरी नेली. दाढी छातीपर्यंत. भिंगातून वीस मिनिटं बघत होते. सुरी युरोपातली, शंभरेक वर्षांची. पट्टीच्या मागे दोन बारीक अक्षरं, मूळ मालकाची. म्यानाला छोटा रिकामा कप्पा आहे, त्यात जोडीची लहान सुरी असायची. असा जोड बापाकडून मुलाकडे जातो, कोणी वाटत सुटत नाही, असंही म्हणाले. ते आजोबांना ओळखत नव्हते.
सक्त ताकीद: काहीही घासायचं नाही. डागसुद्धा पुरावा असतो. लाल शाईने लिहून कपाटावर चिकटवलं.

८ मार्च
आजोबांच्या खोलीत पात्याचे फोटो काढले. त्यांची आरामखुर्ची करकरली. मी चार फुटांवर होते. लाकूड हवेने फुगतं. तरी सॉरी म्हटलं. फोटो संग्राहकांच्या इंटरनेट ग्रुपवर टाकले.

१० मार्च, दुपारी
परदेशातून एका बाईचा मेल. पात्यावरचा कारखान्याचा शिक्का तिने ओळखला. तिच्या आजोबांची अशीच सुरी आपल्याकडच्या एका विश्रामगृहात राहिली. त्यांनी तीन पत्रं पाठवली. तिन्ही वेळा मॅनेजरच्या सहीने उत्तर: इथे अशी वस्तू सापडलेली नाही. जोडीची लहान सुरी अजून तिच्या घरी आहे. विचारते, पट्टीच्या मागे दोन अक्षरं आहेत का? कोणती, तेही लिहिलंय.
तीच.
मॅनेजर अनेक असतात. (चाळीस वर्षांत एकच.)

११ मार्च
संकल्प: आजच खरं उत्तर पाठवणे. ऑफिसात फार काम. मेलला घाईत उत्तर देणं हा समोरच्याचा अपमान आहे.

१२ मार्च
सुरी ठेवताना टोक खिडकीकडे होतं. ऑफिसातून आले तर दाराकडे. आई शपथेवर सांगते, तिने हात लावला नाही. शिवाय म्हणाली, त्या खोलीत तू कोणाशी बोलत असतेस गं?
आधी खुर्चीत आजोबा आहेत असं वाटायचं. आता दुसरंच कोणीतरी बसतं. मराठी न येणारं. आजोबा दाराशी उभे असतात, रजिस्टर काखेत धरून, पाहुण्याने काही विचारावं म्हणून. तो काही विचारत नाही.
सर्दी झाली असावी.

१३ मार्च, सकाळी ११
रजा टाकली. पट्टीवर हिरवट डाग. आजोबांना अस्वच्छता खपत नसे. फक्त डाग काढणार. बारीक पॉलिश पेपर, हलका हात.

१३ मार्च, दुपारी २
डाग निघाला. पितळ आरशासारखं झालंय. डाग अक्षरांच्याच बाजूला होता, त्याला माझा इलाज नव्हता. खोलीत आता कोणीही नाही. खुर्चीवर बसून पाहिलं.

१३ मार्च, दुपारी ४
बाईंना उत्तर पाठवलं: आमच्या सुरीवर अक्षरं नाहीत. दहा वेळा वाचलं. एकही शब्द खोटा नाही.

१४ मार्च
आत्याला बाईंचा मेल आणि माझं उत्तर दाखवलं. वाचून म्हणाली, बरं बाई, तुझे आजोबा देवमाणूस. मग माझ्या बोटांकडे बघत राहिली. पॉलिशचा काळेपणा साबणाने जात नाही.

१६ मार्च, सकाळी ९
बाईंचं उत्तर आलं. तुमच्या आजोबांवर संशय घेतल्याबद्दल मनापासून माफी मागते, म्हणते. तिच्या घरात सगळे आधीपासूनच म्हणायचे, म्हाताऱ्याने सुरी कुठेतरी विकून खाल्ली आणि चोरीची गोष्ट रचली. विश्वास ठेवणारी ती एकटीच उरली होती. आता तिलाही ते पटलंय.

१६ मार्च, संध्याकाळी ६
उत्तर लिहायला बसले आहे. 'काही हरकत नाही' इथपर्यंत झालंय.