घरच्या झाडाचा उरलेला ओंडका

मी, खाली सही करणारी, लाकूडबाजाराच्या कोपऱ्यावरच्या वखारीची मालकीण, वय पंचाहत्तरच्या पुढे, धंदा लाकूड कापणे आणि विकणे, आज माझ्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसे सांगितले आहे, आणि काल एकाने सागाच्या भावात दुसरेच लाकूड विकायला आणले ते मी ओळखले, म्हणजे आणखी पुराव्याची गरज नसावी. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. मला दडपणे हे कोणाचेच काम नव्हते, हे सबंध बाजाराला ठाऊक आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आता करते आहे त्याला कारण आहे. मी एकाला शब्द दिला आहे की जिवंत असेपर्यंत एक गोष्ट बोलणार नाही. तो शब्द मी पाळला. हा कागद वाचला जाईल तेव्हा मी जिवंत नसेन.

कलम पहिले. राहते घर, त्यातल्या सगळ्या वस्तूंसह, माझ्या सुनेला मिळावे. माझा मुलगा गेला तेव्हा तिच्या माहेरची माणसे तिला न्यायला आली होती. तिने पोरीला कडेवर घेतले, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आईंना जेवायला कोण वाढेल?" एवढ्यावर ती राहिली. पुढे तिने मला वाढले आणि मी तिला. घर तिचेच आहे, मी फक्त कागदावर आणते आहे. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील. हे मी तिला तोंडावर अनेकदा सांगितले, तिने दरवेळी विषय बदलला. आता बदलता येणार नाही.

मुलाची सुताराची पेन्सिल, जी तो कानामागे खोचून विसरायचा आणि मग घरभर शोधायचा, ती माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. तीही सुनेची.

कलम दुसरे. वखार, आरा, ओंडके ओढायची गाडी आणि आवारातला सगळा माल माझ्या नातीला मिळावा. ती हिशेबात हुशार आहे आणि जिभेने माझ्यावर गेली आहे, तेव्हा धंदा नीट चालेल. तिला एकच सांगणे. सुकवायला रचलेल्या थप्पीतली फळी, गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी, सुकल्याशिवाय काढू नये. घाई गिऱ्हाइकाची असते, शिव्या वखारीला बसतात. आजोबांची मोजपट्टी तिने वापरावी. तिची सुरुवातीची खूण झिजली आहे, म्हणून दुसऱ्या खुणेपासून मोजायचे.

कलम तिसरे. रस्त्यापलीकडच्या वखारीचे मालक, ज्यांना सगळा बाजार ओलेशेठ म्हणतो, कारण त्यांनी जन्मभर ओले लाकूड सुके म्हणून विकले, त्यांना माझे ओलावा मोजायचे यंत्र द्यावे. यंत्र चालू आहे. त्यांनी ते निदान एकदा आपल्या मालाला लावून पाहावे. बाकी त्यांचे माझे वैर नाही असे मी लिहिणार होते, पण खोटे लिहिलेले मृत्युपत्र टिकत नाही म्हणतात. तेव्हा वैर आहे, आणि ते कशावरून आहे ते पुढे येते.

आमच्या वखारीच्या कोपऱ्यावरच्या भिंतीला बाजारातल्या वखारवाल्यांच्या मंडळाचा फलक आहे. बाजारातली बातमी त्यावर येते. कोणी नवा आरा बसवला, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणती वखार बंद झाली, कोण गेले. सकाळी चहाचा कप घेऊन माणसे आधी फलक वाचतात, मग कुलूप काढतात. लिहिण्याचा मान मंडळाच्या चिटणिसांचा, म्हणजे ओलेशेठचा. माझा मुलगा गेल्याची बातमी त्यांनीच लिहिली. तिच्याखाली त्यांनी आणखी एक ओळ घातली: "तपासणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे." पाऊस येऊन खडू धुतला गेला, पण ती ओळ बाजाराच्या तोंडात राहिली. त्या ओळीने एक माणूस धंद्यातून उठला.

आता ते सांगते. हे सुनेने आधी एकटीने वाचावे आणि मग वखारीच्या आवारात सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे.

आमच्या धंद्यात ओंडका आऱ्यावर चढण्याआधी त्यात लोखंड आहे का ते पाहतात. लोक झाडाला खिळे ठोकतात, पाट्या लावतात, तारा बांधतात. झाड वाढत जाते आणि ते सगळे पोटात घेते, वरून काही दिसत नाही. आऱ्याची पट्टी जोरात फिरत असताना लोखंडावर गेली तर तुटते, आणि तुटलेली पट्टी समोर माणूस आहे हे पाहत नाही. म्हणून एक माणूस फक्त तपासायला असतो. आमच्याकडचा दोरीला लोहचुंबक बांधून ओंडक्यावरून फिरवायचा, साल सोलायचा, टोकाला काळा डाग आहे का पाहायचा, आणि मग हात वर करून ओरडायचा, "येऊ दे!" त्याने ओरडल्याशिवाय गाडी हलवायची नाही, मालकाने सांगितले तरी नाही, असा नियम माझ्या यजमानांनीच घातला होता. त्या माणसाला सगळे चुंबक म्हणायचे. त्याच्या खिशात कायम ओंडक्यांतून काढलेले वाकडे खिळे खुळखुळायचे. माझ्या मुलाला लहानपणी त्याने खांद्यावर घेऊन अख्खी वखार हिंडवली आहे.

आमच्या घरामागचे मोठे झाड वादळात पडले. यजमान म्हणाले, आपल्याच आऱ्यावर कापू, पोरीला टेबल करू, नात शाळेत जायला लागली आहे. त्या दिवशी आऱ्यावर मुलगा उभा होता. अर्धा ओंडका कापून झाला आणि पट्टी तुटली.

त्यापुढचे मी लिहीत नाही.

आम्ही दवाखान्यातून परत आलो तेव्हा चुंबक आऱ्याशी उभा होता. त्याच्या तळहातावर एक तुटका खिळा होता. म्हणाला, "जुन्या घरमालकाच्या कुंपणाचा असणार. मी आदल्या रात्रीच तपासला होता ओंडका, मालक. माझ्या हातून सुटला." यजमानांनी त्याला सगळ्यांसमोर मारले. त्याने हात वर केला नाही. त्यांनी त्याला हाकलले, ओलेशेठनी फलकावर ती ओळ लिहिली, आणि त्यानंतर बाजारात कोणी त्याला ओंडक्याला हात लावू दिला नाही. तो भंगारवाल्याकडे लोखंड निवडायला जाऊ लागला, त्याच चुंबकाने.

यजमान त्यानंतर बरीच वर्षे जगले. कशावर जगले ते मी पाहिले आहे. सकाळी उठून चुंबकाला शिव्या द्यायच्या, जुन्या घरमालकाला शिव्या द्यायच्या, मग चहा घ्यायचा. राग होता म्हणून ते उठत होते. शेवटच्या आजारातही त्याचे नाव निघाले की उशीवरून मान उचलायचे.

गेल्या वर्षी हे गेले. त्यांना नेताना चुंबक फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभा होता. पुढे काही दिवसांनी घरात कोणी नाही असे पाहून तो आला. दारातच थांबला. जुन्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी माझ्यापुढे धरून म्हणाला, "वहिनी, हे आता तुमच्याकडे असू द्या. मालक होते तोवर देता येत नव्हतं."

मी फडके सोडले. आत लोखंडी आकडा होता. एका बाजूने पट्टीने कापलेला. दोर सरकू नये म्हणून त्याला आतून एक मुरड दिली होती. ती मुरड मी ओळखली. मुलगा दोन वर्षांचा असताना ह्यांनी तो आकडा स्वतः तापवून वाकवला होता आणि घरामागच्या झाडात बसवला होता. त्याला झोका बांधला होता. मुलगा मोठा झाला, दोर काढला, आकडा तसाच राहिला. झाडाने तो पोटात घेतला आणि आम्ही विसरलो.

मी विचारले, "तू तपासला नव्हतास ना?"

"मालक म्हणाले, घरचं झाड आहे रे, त्याला काय तपासायचं. आणि त्यांनीच हाक दिली, येऊ दे म्हणून. मी बाजूला झालो."

"आणि तो खिळा?"

"खिशातला. तुम्ही दवाखान्यात होता तेवढ्यात मी पटाशीनं आकडा कोरून काढला. मालकांनी बघितला असता तर एका नजरेत ओळखला असता."

"अरे, म्हणून तू मार खाल्लास? जन्माचं नाव घालवलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "पोर तर गेलंच होतं, वहिनी. आता बापसुद्धा गेला असता."

मी दारातच खाली बसले. तो पाणी आणायला आत गेला, आणि इतक्या वर्षांनीही त्याला माठ कुठे असतो ते माहीत होते. मी म्हटले, उद्याच फलकावर लिहायला लावते. त्याने माझ्यासमोर हात जोडले. "नको. लोक म्हणतील, बापानंच मारलं. तुम्ही आहात तोवर तुमच्या कानावर ते यायला नको. शब्द द्या." मी दिला. देताना मला कळत होते की हा माणूस आता मलाही वाचवतो आहे.

तेव्हा लोकहो, म्हणायचे ते म्हणा. ऐकायला माझे कान आता नाहीत. पण नीट म्हणा. बापाने लेकासाठी झोका बांधला, एवढेच त्याने केले. आणि घरचे म्हणून न तपासता पुढे ढकलले, जे तुमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी केले आहे, फक्त तुमच्या ओंडक्यात काही निघाले नाही.

ज्यांना खात्री हवी त्यांनी आवाराच्या कोपऱ्यात जाऊन पाहावे. त्या झाडाच्या कापलेल्या फळ्या ताडपत्रीखाली तशाच रचलेल्या आहेत. लोखंडाचा काळा डाग फळीच्या पार मध्यापर्यंत आहे. कुंपणाच्या खिळ्याने असा डाग पडत नाही हे या बाजारात कोणालाही कळते. इतकी वर्षे कोणी ताडपत्री उचलली नाही. मीही नाही. कोण उचलणार होते?

सूनबाई, तू त्याला पाहून रस्ता ओलांडतेस ते मला माहीत आहे. मीही तेच करत होते. तू ओलांडायच्या आधी तोच ओलांडतो, हे मात्र तू पाहिले नसशील. त्याच्याकडे तू जा. काय बोलायचे ते मला सुचले नाही, तुलाही सुचणार नाही. नुसती जा.

कलम चौथे. फाटकाजवळची तपासणाऱ्याची खोली, जी तेव्हापासून बंद आहे, ती चुंबकाला तहहयात राहायला मिळावी. किल्ली माझ्या उशीखाली आहे. तो नाही म्हणेल. त्याला सांगावे की वहिनींनी शब्द पाळला, जिवंतपणी तोंडातून चकार शब्द काढला नाही, आता तुझी पाळी आहे ऐकायची. आकडा माझ्या कपाटात फडक्यात आहे. तो त्याच्याच हातात द्यावा, त्याला वाटेल ते त्याने करावे.

कलम पाचवे. कोपऱ्यावरची भिंत माझ्या मालकीची आहे आणि वखारीबरोबर नातीकडे जाते. मंडळाचा फलक त्या भिंतीवर एकाच अटीवर राहील. मी गेल्याच्या बातमीखाली ओलेशेठनी स्वतःच्या हाताने, पूर्वी लिहिले तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, असे लिहावे: "तपासणाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हता. त्याला ओंडका तपासू दिलाच नव्हता. चुकीची बातमी मंडळाने दिली." त्यांनी लिहिले नाही तर नातीने फलक उतरवून त्यांच्या दारात ठेवावा.

कलम सहावे आणि शेवटचे. त्या झाडाचा अर्धा ओंडका अजून न कापलेला आहे. आमच्या बाजारात कोणी गेले की सगळे आरे बंद होतात, आणि गेलेल्याच्या वखारीचा आरा आधी सुरू झाल्यावर बाकीचे सुरू होतात. माझ्यासाठी आरा बंद ठेवतील, तो सुरू करताना हाच ओंडका गाडीवर घ्यावा. त्याच्या फळ्यांचे नातीसाठी टेबल करावे. ती आता मोठी झाली आहे, पण टेबल राहिले आहे.

ओंडका आधी चुंबकाने तपासावा. साल सोलावी, दोरी फिरवावी, डाग पाहावा, त्याला लागेल तेवढा वेळ घ्यावा. कोणी घाई करू नये. सगळ्या बाजाराने उभे राहून वाट पाहावी. मी नसेन, हे नसतील, मुलगा नाही. पण त्याने हात वर करून "येऊ दे" म्हटल्याशिवाय कोणीही गाडी हलवू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या सुनेने करावी.

ठिकाण: वखारीचे ऑफिस, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: सोळा नोव्हेंबर, दुपारी, आरे चालू असताना.

सही: वखारीची मालकीण

आम्ही खाली सही करणारे सांगतो की बाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. त्या शुद्धीत होत्या. रडत होत्या, पण शुद्धीत होत्या. आम्हाला या कागदातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई
साक्षीदार: करवतींना धार लावणारे, बाजारातले जुने. (मी त्या दिवशी तिथे होतो. हाक मालकांनी दिली होती. मी ऐकली होती. मला कोणी विचारले नाही.)