पहिल्या नंबरावर टकोमा

लाडक्या बाबा,

गुडघा कसा आहे? ‘बरा आहे’ हे उत्तर चालणार नाही.

उद्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टरकीच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी, हॉस्पिटलांचा पसंतीक्रम द्यायचाय. मग संगणक ज्या हॉस्पिटलाशी माझी जोडी लावेल, तिथे जावंच लागतं. तू म्हणतोस, "ओमाहावाल्यांनी एवढं गोड पत्र धाडलंय, घराजवळही आहे, त्यांनाच पहिलं लाव!" अरे, गोड पत्रं ते सगळ्यांनाच धाडतात.

मी पहिलं टकोमाचं हॉस्पिटल लावतेय. तिथे आम्हा उमेदवारांच्या जेवणात तिथल्या एका रेसिडेंट डॉक्टरला सूप पितापिताच डुलकी लागली. शेजारी बसलेल्या दुसरीने तिचा पेजर स्वतःच्या कमरेला लावला, म्हणजे वॉर्डातून बोलावणं आलं तर तीच उठेल. ओमाहात सगळे आम्हा उमेदवारांसमोर नुसते गोड हसत होते.

रागाव हवं तर. तुझ्या गुडघ्याला हात लावायचा, तर मला अशा लोकांकडून धड शिकूनच यायचंय.

तुझी हट्टी,
मार्नी