धामणीचं धनुष्य, शिवणीची मूठ

२१ ऑक्टोबर २००१, रविवार

जमलं! चौथ्या पट्टीला जमलं. धामणीच्या लाकडाच्या आधीच्या तीन पट्ट्या ताणतानाच मोडल्या. ही मात्र दोन्ही बाजूंनी सारखी वाकते. भिंतीला टांगली आणि लांबून किती वेळ बघत बसलो. शोभा म्हणाली, "पोरीपेक्षा धनुष्यालेच जास्त पाहून राह्यले तुमी." बघणारच! शाळेच्या मुलींची सहा धनुष्यं केली ती काम म्हणून. हे सुरभीचं आहे. माझ्या लेकीचं.

नववीतली पोर, पण नेम असा की तिचे सर सेलूच्या बाजारात मला अडवून सांगतात — रूपराव, हिला राज्यापर्यंत नेऊ. डिसेंबरात वर्ध्याला जिल्ह्याची स्पर्धा. तोवर तिचा हात या धनुष्यावर बसला पाहिजे.

२४ ऑक्टोबर, बुधवार

मुठी तयार झाल्या. शिवणीचं लाकूड — हलकं, सरळ रेषेचं. आता त्या धनुष्यांच्या मधोमध चिकटवायच्या. इथून पुढचं काम तानबाचं. दुकान माझं, पण सोळा वर्षांत चिकटवण्याला मी हात लावलेला नाही. तो लावूच देत नाही!

धनुष्याचा मधला भाग पातळ. सगळा जोर मूठ धरून ठेवते. ती सुटली तर धनुष्य तिथेच मोडणार. म्हणून तानबा मूठ आणि पट्टी दोन्ही काचपेपरनं घासतो, धूळ झटकतो, आणि त्यानंतर तिथे कोणाला शिवू देत नाही. आज मी सुरभीची मूठ सहज उचलायला गेलो तर हातावर चापट! "बोट नोका लावू भाऊ. बोटालेबी तेल असते. तेलावर गोंद धरत नाई." मालकाच्या हातावर चापट मारणारा हा एकच गडी सेलूत असेल. मी हसलो. काय करणार!

सातही जोड घासून झाले. उद्या तो आंजीला सासुरवाडीला जाणार, परवा दसरा. सगळं कागदात गुंडाळून त्यानं फळीवर ठेवलं. "शनिवारी सकाळी येतो आन सरळ चिकटवतो. कोणी खोलू नोका."

२६ ऑक्टोबर, दसरा

सकाळी दुकान धुतलं. रंधे, करवती, पटाशा — सगळ्यांना तेलाचं बोट, हळदकुंकू, झेंडूचं फूल. सुरभी हट्टाला पेटली. "बाबा, माह्या धनुष्याचीबी पूजा करू द्या ना!" हत्यारच ते, नाही कसं म्हणणार? तिचं तेवढं कागदातून काढून पाटावर मांडलं. पट्टी एका बाजूला, मूठ एका बाजूला. तिनं आपल्या हातानं पूजा केली. मग डोळे मिटून इतका वेळ उभी राहिली की शोभाला हसू आलं.

आरती झाल्यावर मी फडक्यानं स्वच्छ पुसून होतं तसं गुंडाळून ठेवलं. संध्याकाळी सोनं द्यायला घरोघर. पाय दुखून आले.

२७ ऑक्टोबर, शनिवार

तानबानं सातही मुठी चिकटवल्या. दोन डब्यांतला गोंद काचेच्या तुकड्यावर निम्मानिम्मा घोटला. शिकंजे आवळले — फार नाही, गोंदाची बारीक कड बाहेर दिसेल इतकेच. दोन दिवस दुकानात कोणी जोरात शिंकायचंही नाही, असा त्याचा हुकूम.

४ नोव्हेंबर, रविवार

दहा बाण, आठ मधल्या पिवळ्या वर्तुळात! सर टाळ्या वाजवत होते. तानबा मैदानाच्या कडेला उकिडवा बसून माझ्याकडे बघत होता, जणू पोरगी त्याचीच.

११ नोव्हेंबर

देवा.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

लिहवत नाही. पण न लिहिता डोकं फुटेल.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर. मी, शोभा, तानबा, सर, सगळ्या मुली. सुरभीनं दोरी गालापर्यंत ओढली आणि टक् असा आवाज झाला. मूठ सुटून तिच्या पायाशी पडली. धनुष्य मधोमध मोडलं आणि वरचं अर्धं उलटून तिच्या उजव्या डोळ्यात. ती ओरडलीसुद्धा नाही. "बाबा, डोयातून पाणी येऊन राह्यलं," एवढंच म्हणाली. ते पाणी नव्हतं.

मी तिला उचललं. तानबानं मूठ उचलली. तिचा तळवा, गोंद लावलेली बाजू, पाहिला. अंगठ्यानं चोळला. वास घेतला! मग सुरभीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मूठ आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळली. मी ओरडलो — काऊन सुटली बे? तो सगळ्यांसमोर म्हणाला, "माही चूक झाली भाऊ. चिकटवतानी माही चूक झाली."

कबूल! स्वतःच्या तोंडानं कबूल! आणि मूठ घेऊन गेला. पुरावा लपवायला, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. पणती लावली नाही.

२० नोव्हेंबर, मंगळवार

वर्ध्याहून नागपूरला पाठवलं होतं. आज डोळा काढला. डॉक्टर बिचारे चांगले. म्हणाले, ठेवला असता तर दुसराही गेला असता. शोभा भिंतीला टेकून बसली ती उठेचना. सुरभी शुद्धीवर आली तेव्हा तिनं आधी विचारलं, "स्पर्धा किती तारखेले आहे?"

२ डिसेंबर, रविवार

तानबा घरी आला. हातात बोरं, सुरभीसाठी. मी दारातच गचांडी धरली. बोरं अंगणभर सांडली. गल्ली गोळा झाली तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं — यानं माझ्या पोरीचा डोळा घेतला, याला कामावर ठेवाल तर तुमच्या घरचाही घेईल. तो खाली मान घालून बोरं वेचत राहिला. दुसरं करणार काय!

सोळा वर्षं याच्या हाताचा चहा प्यायलो. थुंकावंसं वाटतं.

१४ जानेवारी २००२, संक्रांत

तानबाला सेलूत कोणी काम देत नाही म्हणे. वर्ध्याला पेट्या ठोकायला जातो. प्यायलाही लागलाय असं महादेवराव दुकानदार सांगत होते. म्हणजे आधीपासूनच पीत असणार. तेव्हाही पिऊनच चिकटवलं असणार. सगळं जुळतंय.

१० फेब्रुवारी, रविवार

शाळेनं ती सहा धनुष्यं परत पाठवली. मुलींना हात लावायची भीती वाटते. बरोबरच आहे. आज दारं लावून घेतली आणि हातोडी घेऊन बसलो. तानबाचं काम उघडं पाडायचंच होतं.

पहिली मूठ निघेना. पटाशी घातली, ठोकली, शेवटी लाकूड फाटलं पण जोड सुटला नाही. दुसरी तशीच. सहाच्या सहा! घामानं निथळलो. एकही जोड सुटला नाही. त्याच दिवशीचा गोंद, त्याच काचेवर घोटलेला.

म्हणजे हयगय केली ती एकाच मुठीत. माझ्याच लेकीच्या! काय वाकडं केलं होतं रे मी तुझं?

शोभा जेवायला बोलवायला आली. फाटलेली लाकडं पाहून म्हणाली, "याचा हात एवढा पक्का, मंग ती एकच कशी सुटली?" तिच्यावर खेकसलो. तिला लाकडातलं काय कळतं.

३ मार्च, रविवार

सुरभी आज जेवताना म्हणाली, "मी डाव्या डोयानं मारीन. हात बदलून. नवीन धनुष्य करा बाबा." रडू आलं, आनंदही झाला. म्हटलं, करतो बेटा, उद्याच पट्टी काढतो.

मग म्हणाली, "मूठ तानबाकाकाच चिकटवतीन ना?"

ताट भिरकावलं. पोर गुपचूप भात गोळा करत बसली. मला माझीच लाज वाटली. पण त्याचं नाव या घरात नको म्हणजे नको.

१७ मार्च, रविवार

मीच मूठ चिकटवली. शिकंजा जास्त आवळला गेला, सगळा गोंद बाहेर वाहून गेला. दोन दिवसांनी हातानंच निघाली. पोरीला सांगितलं, लाकूड ओलं होतं.

२२ मार्च, शुक्रवार

तानबा गेला. कावीळ. वर्ध्यालाच.

मयतीला गेलो नाही.

४ एप्रिल, गुरुवार

तेरवी काल झाली. आज सकाळी त्याची बायको गुलाब दुकानात आली. मी मान वर केली नाही. रंधा मारत राहिलो. तिनं दुपट्ट्यात बांधलेलं काहीतरी फळीवर ठेवलं.

"त्यायनं सांगतलं होतं भाऊजी, मी गेल्यावर रूपरावभाऊले नेऊन देजो. पोरीसमोर नोका उघडू म्हणत."

काय आहे म्हणून विचारलं. म्हणाली, "मले नाई माहीत. रोज हातात घेऊन बसत. मी म्हणो, फेकून द्या, याच्यापायीच आपलं सारं गेलं. तर म्हणत, हे कोणाले दिसलं तर पोरगी जन्मभर आपल्याच हाताकडे पाहीन."

गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही मी.

५ एप्रिल, शुक्रवार

उघडलं. सुरभीची मूठ. तळव्यावर गोंद कुठेच धरलेला नाही. मधोमध वरून खाली ओढलेलं हळदीचं एक पुसट, लाकडाच्याच रंगात मिसळलेलं बोट, बारीक, पोरीचं. आणि त्याच्या भोवती, पार चारही कडांपर्यंत, तेल पसरवत गेलेले फडक्याचे पिवळट फराटे.

मागची पानं उलटली. २६ ऑक्टोबर. 'फडक्यानं स्वच्छ पुसून होतं तसं गुंडाळून ठेवलं.' अक्षर माझंच आहे. पुसलं नसतं तर तानबाला दिसलं असतं.

सुरभी दारात येऊन उभी राहिली. "बाबा, हातात काय आहे?"

म्हटलं, माझी चूक.