मळ्यात पाय ठेवण्याचा हक्क

मी, मैना गोरख भोपी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा शेती, राहणार मौजे नेरे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही घेणं नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही. लाडीगोडी लावायचा प्रयत्न मुलाने केला होता, त्याला मी चहा पाजून वाटेला लावलं. मी जुनी सातवी शिकलेली आहे. मजकूर मी सांगितला, वकीलबाईंनी टाइप केला, आणि त्यांनी गाळलेली वाक्यं मी वाचून पाहिल्यावर परत घालायला लावली.

हृदयाचं दुखणं असल्यामुळे पुढचा उन्हाळा मला दिसेल असं डॉक्टरांना वाटत नाही. मलाही तो बघायची हौस उरलेली नाही. म्हणून माझ्यामागे काय कोणाचं, ते आत्ताच ठरवून मोकळी होते.

कलम १. राहतं घर आणि मागच्या भाड्याच्या खोल्या मुलगा नीलेश याला द्याव्यात. घरावर पत्रे त्याच्या बापाने घातले, भिंती मी रस्त्यावर बसून कलिंगडं विकून उभ्या केल्या. भाडेकरूंना सांगितलं नाही तरी त्याने हे स्वतः लक्षात ठेवावं.

कलम २. माझ्या अंगावरचं सोनं आणि पोस्टातली शिल्लक नात मिताली हिच्या शिक्षणासाठी आहे. तिच्या लग्नासाठी नाही. हे वाक्य वकीलबाईंनी ठळक करून दिलं, त्याबद्दल त्यांची आभारी आहे.

कलम ३. ओटीवर लावलेला सासूबाईंचा फोटो, चौकटीसह, नीलेशला द्यावा. त्यालाच शोभेल. कारण कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. कुदळ, विळा आणि पाण्याची तांब्याची कळशी मला कातकरवाडीच्या बुधीला द्यायची होती. पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या, आणि साक्षीला मला बुधीच हवी आहे. म्हणून या वस्तू आजच तिच्या हातात दिल्या. त्या आता माझ्या नाहीत, तेव्हा या कलमात देण्यासारखं काही राहिलेलं नाही.

कलम ५. गाढी नदीच्या अलीकडचा कलिंगडाचा मळा सातबाऱ्यावर माझ्या एकटीच्या नावे आहे. तो विहिरीसकट सून विनिता नीलेश भोपी हिला द्यावा. नीलेशचा त्यात एक वाफाही नाही. का नाही ते सविस्तर सांगते, म्हणजे म्हातारीला भ्रम झाला होता असं उद्या कोर्टात कोणी म्हणायला नको.

भात कापून झालं की आमच्याकडे त्याच जमिनीत आळी करून कलिंगड लावतात. फळ पोसतं ते भर उन्हात. सकाळी आळ्यांना पाणी द्यायचं, दुपारच्या आत फळांवर पेंढा पसरायचा, नाहीतर ऊन साल भाजून काढतं. लग्न होऊन आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात, मी बाजूला बसले असताना, शेजाऱ्यांचं वासरू वेलींत शिरलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी धावत जाऊन त्याला हाकललं. पुढे तीन-चार दिवसांत गरम वारा सुटला आणि अर्धा मळा सुकला.

सासूबाईंनी अंगणात उभं राहून सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवलं, "हिची सावली परली नं माजं वेल जललं!" माझे यजमान तिथेच दोरी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मला बेलपाड्याला माहेरी धाडलं. परत आणलं ते एका अटीवर, की कलिंगडाच्या दिवसांत मी बांधाच्या आत पाऊल टाकायचं नाही. महिन्याच्या कुठल्याच दिवशी नाही, कारण माझ्या शब्दाचा भरवसा नाही. मग भाकरी बांधावर ठेवायची आणि मागे फिरायचं, असं सुरू झालं. नीलेश याच घरात हे बघत वाढला. फळं विकायला मात्र मी चालत होते. गिऱ्हाइकाने "गोड आहे का?" विचारलं, की ज्या वेलीला मी कधी शिवले नाही तिच्या फळाची हमी मी छातीठोकपणे द्यायची.

सासूबाई गेल्या, त्या वर्षी मी सवयीने बांधावरच उभी होते. बुधी आत आळ्यांना पाणी घालत होती. ती माझ्याच वयाची, आमच्याकडे पोरवयापासून मजुरीला येणारी. ती म्हणाली, "ये की आत. मी तं सगले दिस येते."

"सगळे दिवस?" मी विचारलं.

"मंग? सांगलं असतं तं तवरच्या दिसांची मजुरी कोन देल?" आणि हसली.

इतकी वर्षं बुधी महिन्याचे सगळे दिवस त्या वेलींत वावरली होती आणि टेम्पो भरभरून फळ निघालं होतं. सासूबाईंनी तिला कधी विचारलंच नव्हतं. मजुरी करणारीचा विटाळ वेलीला लागत नसावा, फक्त सुनेचा लागत असावा. बुधीसारखं हसायला मला जमलं नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्याच दिवशी मी आत गेले. यजमानांनी बघितलं आणि पुन्हा दोरी वळायला घेतली. ते वारल्यावर मळा मीच पिकवला, आणि जीव ओतून पिकवला. तेव्हा नीलेशला मळ्याची किंमत वाटत नव्हती, त्याने हक्कसोड लिहून दिली.

आता मळ्याचं काय झालं ते सांगते. शेजारच्या जमिनीत इमारतीसाठी खोल खड्डा खणला आहे. त्यातलं पाणी पंपाने सतत उपसतात, तसं माझ्या विहिरीने तळ दाखवला. मधमाश्या येईनाशा झाल्या. सकाळी नर फूल तोडून मादी फुलाला टेकवत मी वाफ्यावाफ्यातून सरपटत फिरले. ऊन चढलं की हाताने धरवलेली फुलंही गळून पडायची. यंदा जी फळं धरली ती लिंबाएवढी झाली आणि वेलीवरच शिजली. चैत्र संपायच्या आत वेल वाळले. इतक्या उन्हाळ्यांत असं ऊन मी पाहिलं नव्हतं.

विनिता उलव्याला ऑफिसात कामाला जाते. सुट्टीच्या दिवशी हंडे वाहून ती मला मदत करायची. वेल गेले त्याच आठवड्यात नीलेश जमिनीच्या एजंटाला घेऊन मळ्यावर आला. बाजूला पंप धडधडत होता. विहीर कोरडी होती, ती त्याने वाकून पाहिली. आणि बायकोकडे वळून म्हणाला, "तू त्या दिसांत मल्यान गेलतीस ना? तरीच जलला!"

सासूबाईंना शेवटची आंघोळ मी माझ्या हाताने घातली होती. त्या माझ्याच पोटच्या पोरात मुक्कामाला गेल्या, हे मला कळलं नाही. मी त्याला एजंटासमोर चपलेने मारलं. त्याने मार खाल्ला, पण शब्द मागे घेतला नाही.

मला वाटलं, विनिता तरी त्याला झिडकारेल. ती कॉलेजात गेलेली आहे. पण ती हळूच म्हणाली, "आई, पण मी खरंच गेले होते." आणि रडायला लागली. त्यानंतर ती मळ्यात आलेली नाही. मी तिला बुधीची हकीकत सांगितली. बुधीला समोर उभं केलं. ती सगळं ऐकून घेते, मान डोलावते आणि बांधावर थांबते. सासूबाईंशी मी मनातल्या मनात जन्मभर भांडले. विनिताशी कसं भांडू? तिने तर आरोप कबूलच करून टाकला. मळा वाळला त्याने मी खचले नव्हते. त्या दिवशी खचले.

म्हणून मळा तिला. विकायचा तर तिनेच विकावा, मी अडवत नाही; त्यात आता पिकणारही काय? अट एकच आहे. विक्रीच्या कागदावर सही करण्याआधी तिने बांध ओलांडून एकदा विहिरीपर्यंत जाऊन यावं. कुठल्याही दिवशी. जाताना मितालीला बरोबर न्यावं. मिताली दहा वर्षांची आहे, तिला बांध म्हणजे उडी मारायची जागा वाटते. तिला कोणी दुसरं काही शिकवायच्या आत न्यावं. ही अट कायद्यात टिकणार नाही, असं वकीलबाई म्हणतात. तरी ती काढू नये.

कलम ६. माझ्या दहाव्याला बाजारातलं कलिंगड आणून ठेवू नये. कावळा पिंडाला शिवला नाही, तर विनिता त्या दिवशी बाजूला बसली होती का, असं कोणीही विचारू नये.

वरचा मजकूर मी मळ्यात विहिरीच्या कठड्यावर बसून वकीलबाईंकडून वाचून घेतला. कलम ५ बांधापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचायला लावलं. मळ्यात आता एकही वेल नाही, नुसत्या भेगा आहेत. वकीलबाई, बुधी आणि शेजारचे कृष्णकांत मास्तर चपला घालून सरळ आत आले. मी विनिताला हाक मारली. ती बांधापाशी आली, तिने चपला काढल्या आणि तिथेच उभी राहिली.

"आई, आज नको," म्हणाली.

जळायला एक पानही नव्हतं. मी सही केली.

मृत्युपत्र करणार: मैना गोरख भोपी (सही)

आम्हा दोघांसमक्ष मैनाबाईंनी सही केली, तेव्हा त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि रडत होत्या.

साक्षीदार:
१. बुधी शुक्रा वाघे, राहणार कातकरवाडी, नेरे (डाव्या हाताचा अंगठा)
२. कृष्णकांत वासुदेव गुळवे, निवृत्त शिक्षक, राहणार नेरे (सही)

ठिकाण: कलिंगडाचा मळा, मौजे नेरे, तालुका पनवेल
दिनांक: ३ मे २०२५