ही व्यक्ती दिसल्यास

सोमवार, ४ जून

आलो एकदाचे! सामान लागलं, गॅस पेटला आणि नव्या घरातला पहिला चहा गॅलरीत बसून झाला. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, उजेड भरपूर. खाली घरमालकीण काकू राहतात. मालकीणपणाचा तोरा अजिबात नाही.

दादाला बघून काकू आधी बिचकल्या. सगळेच बिचकतात. दार भरून टाकणारा देह, आणि अनोळखी माणसासमोर तोंडातून शब्द निघेल तर शपथ. मी सरळ सांगून टाकलं, की माझा मोठा भाऊ आहे, अंगानं वाढला पण मनानं लहानच राहिला, आई गेल्यापासून माझ्याजवळच असतो. काकूंनी ऐकून घेतलं. संध्याकाळी बघते तर त्यांची नात दादाच्या पाठीवर बसून अंगणभर घोडा घोडा करत होती! काकू म्हणाल्या, बरं झालं बाई, आता मला दोन घटका पाठ टेकता येईल.

उद्यापासून नोकरी. नगरपालिकेच्या वेबसाइटवर मजकूर चढवायचा. पंख्याखाली बसून पगार, आणखी काय हवं?

गुरुवार, ७ जून

कामावर बस्तान बसलं. आमचे साहेब साधे आहेत. कुठल्याही प्रश्नाला आधी ‘बघू’ म्हणतात आणि मग खरंच बघतात. मी त्यांना एक नवं पान सुचवलं. घरातलं कुणी वाट चुकलं, म्हातारं माणूस किंवा आमच्या दादासारखं कुणी, तर त्याचा फोटो आणि माहिती लगेच सगळ्या गावाच्या मोबाइलवर जावी. जुन्या गावी दादा एकदा बाजारात हरवला होता. तो सापडेपर्यंत माझं काय झालं ते मलाच ठाऊक. साहेब म्हणाले, करून तर दाखव.

आज पानाचा सांगाडा उभा केला. वेळ वाचावा म्हणून गॅसगळतीच्या सूचनेचं जुनं पान घेतलं, प्रसिद्ध केलं की थेट सगळ्यांच्या मोबाइलवर जाणारं. वरती लाल पट्टी आणि ‘तातडीची सूचना’. ती पट्टी उद्या बदलेन. नमुना म्हणून दादाचाच फोटो टाकला. खाली लिहिलं: ‘उंच, धिप्पाड. फारसं बोलत नाही. लहान मुलांमध्ये रमतो. ही व्यक्ती दिसल्यास’ आणि तेवढ्यात जेवायची सुट्टी झाली.

शुक्रवार, ८ जून

आज मोठा घोळ घातला. पान उघडलं, पट्टीचा रंग बदलायला घेतला, फोन वाजला. बोलता बोलता ‘जतन करा’ऐवजी शेजारचं ‘प्रसिद्ध करा’ दाबलं गेलं. मला पत्ताच नाही. चहा पिऊन जागेवर आले तर समोरच्या टेबलावरची बाई मोबाइल बघत विचारत होती, हा माणूस कोण गं?

पान लगेच उतरवलं. पण तोवर सूचना घराघरात पोचली होती. लाल पट्टी, दादाचा चेहरा, आणि ‘ही व्यक्ती दिसल्यास’. पुढे काहीच नाही.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते हसले. म्हणाले, आपल्या सूचना वाचतंय कोण?

शनिवार, ९ जून

वाचतात.

दादाला घेऊन फळं आणायला गेले. फळवाला माझ्याशी नेहमीसारखा बोलत होता. दादा मागून पुढे आला तसा दोन पावलं मागे सरला. सुटे पैसे हातात न देता पाटीवर ठेवले. रस्त्यात एका बाईनं मुलाला असं खसकन ओढलं, की ते पोर रडायलाच लागलं. रडणारं मूल बघून दादा थांबला. हसवायला म्हणून त्यानं गाल फुगवले.

ती बाई किंचाळली.

सोमवार, ११ जून

साहेबांनी खुलासा टाकला. आठ तारखेची सूचना रद्द समजावी, एवढंच. मी म्हटलं, साहेब, हा माझा भाऊ आहे, नमुन्याचा फोटो होता, असं स्पष्ट लिहा ना. ते म्हणाले, मग चूक ऑफिसच्या गळ्यात येईल.

दुपारपर्यंत लोकांनी रद्द या शब्दाचा अर्थ लावला. पुरावा मिळाला नाही म्हणून सोडला. वरून दबाव आला म्हणून पान काढलं. आणि अर्ध्या राहिलेल्या वाक्यापुढे जो तो आपापलं लिहून पाठवतोय. समोरच्या टेबलावरच्या बाईनं दाखवलं. एकात होतं, ‘मुलांना घरात घ्या’. दुसऱ्यात होतं, ‘हात धुऊन घ्या’.

काकूंची नात खाली खेळायला आली नाही. दादा पायरीवर बसून होता.

मंगळवार, १२ जून

एक मुलगी शाळेतून घरी आली नाही. तासाभरात सापडली, मावशीकडे गेली होती. पण त्या तासात आमच्या घरासमोर माणसं जमली. काकूंनी सांगितलं, नुसती वर बघत उभी होती.

सापडल्यावर पांगली. पण ‘चुकलो’ म्हणायला कुणी आलं नाही.

दादा दुपारी कुठे होता, ते मला माहीत नव्हतं. मी ऑफिसात होते. घरी आल्यावर मी त्याला विचारलं, दादा, तू काही केलं नाहीस ना?

मी. मी विचारलं.

त्याला प्रश्न कळला. मला वाटायचं त्याला असलं काही कळत नाही. त्यानं दोन्ही हात वर करून मला दाखवले, पुढून, मग मागून. मग भिंतीकडे तोंड करून निजला.

बुधवार, १३ जून

पोलीस चौकीत गेले. तिथल्या जमादारांनी सगळं ऐकलं, मग मोबाइल काढून त्याच पानाचा फिरत आलेला फोटो मला दाखवला. दादाविरुद्ध तक्रारी आल्यात म्हणाले. कसल्या? दिसल्याच्या. नुसता दिसला, एवढीच तक्रार. ताई, थोडे दिवस दुसरीकडे जा, हे त्यांनी वाईट वाटून सांगितलं. म्हणून जास्त भीती वाटली.

उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं. साहेबांना कळवलं. या वेळी ‘बघू’ नाही म्हणाले. म्हणाले, जा.

गुरुवार, १४ जून. सकाळ

निघता येत नाही. रिक्षावाला आला, दादाला बघून तसाच वळला. रस्त्याच्या टोकाला मोटारसायकली. आडव्या लावल्यात.

काकू वर आल्या होत्या. दारातूनच बोलल्या, आत आल्या नाहीत. त्यांना सगळं माहीत आहे, दादा कसा आहे तेही. पण मला इथेच राहायचंय गं, म्हणाल्या. रडत होत्या.

दुपार

आणखी एक मूल. या वेळी मुलगा. सापडला नाही म्हणतात. खरं की कुणी उठवलंय —

दादा घरातच आहे. सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर. गॅलरीतून मी ओरडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. सगळे मोबाइल वर धरून —

चौकीला फोन लावला. गाडी निघालीय. मघाशीही निघालीच होती.

काकूंनी खालचं दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला.

फळवाला आहे त्यांच्यात. ती किंचाळणारी बाईही. ऑफिसातला एक चेहरा —

नंतर

जिन्यावर पावलं. खूप. सावकाश चढतायत, घाई नाही कुणाला. दाराला टेबल लावलंय. हात थांबला तर किंचाळेन, म्हणून लिहितेय.

दादा घाबरलेला नाही. आठवडाभर कुणी बोलायला आलं नव्हतं, आता एवढे आले, म्हणून खूश आहे. स्वच्छ शर्ट घातलाय. केस विंचरतोय. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. तो म्हणतोय, सोड, पाहुणे उभे आहेत बाहेर, पाणी तरी विचा